जाब आणि जबाब

मनावरचा ताण कसा हलका करावा हे सांगणाऱ्या पुस्तकांना अलीकडे तोटा नाही. त्यांतील बहुतेकांचा सूर एकच असतो : आपल्या आयुष्याची जबाबदारी आपणच घ्यावी, म्हणजे चिंता आपोआप सरते. वाक्य कानाला गोड लागते. परंतु ज्याच्या घरी दीर्घ आजारपण आहे, ज्याचे कर्ज फिटत नाही, ज्याचा पदवीधर मुलगा घरी बसून आहे, त्याला तेच वाक्य बोचते. तुझ्या काळजीला तूच कारण आहेस, असे त्याला त्यातून ऐकू येते. हा विचार ज्या ग्रंथात गांभीर्याने मांडला गेला, त्या व्हिक्टर फ्रँकल यांच्या ‘मॅन्स सर्च फॉर मीनिंग’कडे म्हणूनच पुन्हा वळावे आणि तो नेमके काय सांगतो व काय सांगत नाही हे तपासावे, असे आम्हांस वाटले.

फ्रँकल (१९०५–१९९७) हे व्हिएन्नाचे ज्यू मनोविकारतज्ज्ञ. सप्टेंबर १९४२ मध्ये त्यांची, त्यांच्या पत्नीची व आईवडिलांची रवानगी तेरेझिनश्टाट येथे झाली. वडील तेथेच वारले. ऑक्टोबर १९४४ मध्ये फ्रँकल ऑशविट्झला पोहोचले. तेथून काही दिवसांतच त्यांना बव्हेरियातील कौफरिंग व पुढे ट्युर्कहाइम या दाखाऊच्या उपछावण्यांत हलवण्यात आले. एप्रिल १९४५ च्या अखेरीस त्यांची सुटका झाली. त्यांची आई ऑशविट्झमध्ये आणि पत्नी टिली बेर्गेन-बेल्झनमध्ये मृत्यू पावली; भाऊही वाचला नाही. व्हिएन्नाला परतल्यावर अवघ्या नऊ दिवसांत त्यांनी हे पुस्तक तोंडी सांगून लिहवून घेतले. १९४६ मध्ये ते जर्मनमध्ये निघाले, १९५९ मध्ये इंग्रजीत आले, आणि मग जगभर पसरले.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात छावणीतील कैद्याच्या मनाचे निरीक्षण आहे, तर दुसऱ्यात ‘लोगोथेरपी’ या उपचारपद्धतीची मांडणी. पहिल्या भागाची भाषा संयत आहे. क्रौर्याची वर्णने तेथे मोजकीच येतात; लेखकाचे लक्ष मन कसे झिजते आणि कसे तगते यावर खिळलेले आहे. छावणीतील एक विलक्षण गोष्ट ते नोंदवतात : कैद्यांना कोणताही निर्णय घ्यायची भीती वाटे. नियतीच्या प्रवाहात अंग सोडून द्यावे, पुढाकार घेऊ नये, अशी सर्वांची वृत्ती झाली होती. चिंतेने ग्रासलेल्या माणसाची ही खूण आपल्यापैकी अनेकांना ओळखीची वाटेल. दवाखान्यात जाणे आपण आज-उद्यावर टाकतो, बँकेचे पत्र न उघडताच ठेवून देतो, भावाशी बोलायचे ते सणापर्यंत लांबवतो. निर्णय टळतो, धाकधूक मात्र मुक्कामाला राहते.

या पार्श्वभूमीवर पहिल्या भागातील एक प्रसंग आम्हांला साऱ्या ग्रंथाचा कणा वाटतो. एका सहकारी डॉक्टरसोबत पळून जाण्याचा बेत ठरलेला आहे. निघण्यापूर्वी फ्रँकल आपल्या रुग्णांवर अखेरची नजर टाकण्यासाठी फेरी मारतात. त्यांच्याच देशातला एक मरणासन्न रुग्ण थकल्या आवाजात विचारतो, की तुम्हीही चाललात काय? फ्रँकल नाकबूल करतात, पण त्या नजरेने मनात एक अस्वस्थता शिरते आणि ती काही केल्या हटत नाही. शेवटी ते मित्राला जाऊन सांगतात की मी येत नाही, माझ्या रुग्णांजवळ राहतो. हे सांगताच अस्वस्थता नाहीशी होते आणि पूर्वी कधी न अनुभवलेली शांती मनात उतरते.

येथे काय घडले ते नीट पाहिले पाहिजे. धोका तसूभरही कमी झाला नव्हता. उलट वाढला होता. टायफसचे रुग्ण, उपासमार, पहारेकरी सारे जेथल्या तेथेच होते. बदलले ते इतकेच, की एका माणसाने विचारलेल्या प्रश्नाला दुसऱ्याने उत्तर दिले. आपल्या मराठीने ही गोष्ट एका शब्दात साठवून ठेवली आहे. ‘जबाबदारी’त ‘जबाब’ आहे, म्हणजे उत्तर. जर्मन भाषेतही जबाबदारीच्या शब्दात उत्तराचा शब्द दडलेला आहे, आणि फ्रँकल यांच्या विचाराचा सारा डोलारा त्यावरच उभा आहे. आयुष्याला आपण प्रश्न विचारत बसू नये. आयुष्यच रोज आपल्याला विचारत असते, आणि उत्तर आपल्या कृतीने द्यायचे असते, असा त्यांचा आशय आहे.

परंतु त्याच मुळापासून मराठीत आणखी एक शब्द आला आहे : ‘जाब’. जाब विचारणारा मागे पाहतो. चूक कोणाची, हे त्याला ठरवायचे असते. जबाब देणारा समोर पाहतो; आता माझ्या हातून काय होण्यासारखे आहे, एवढेच तो विचारतो. आजच्या उपदेशपर पुस्तकांचा मोठा दोष हा, की ती जबाबाच्या नावाखाली जाब मागतात. चिंतातुर माणूस आधीच दिवसरात्र स्वतःला जाब विचारत असतो. त्यात भर घातल्याने त्याचा भार हलका कसा होणार?

दुसऱ्या भागातील काही उदाहरणे या दृष्टीने उद्बोधक आहेत. चारचौघांत घाम फुटेल या धास्तीने एका तरुण डॉक्टरला खरोखरच दरदरून घाम फुटत असे. फ्रँकल यांनी त्याला सुचवले, की लोकांना आपण किती घाम गाळू शकतो हे मुद्दाम दाखवायचे ठरव. चार वर्षांचा त्रास आठवड्याभरात गेला, असे ते सांगतात. भीतीची भीती वाढत जाते, आणि तिच्यापासून पळण्याऐवजी तिच्याकडे वळून हसता आले की तिचे चक्र तुटते, हे यामागचे तत्त्व. तत्त्व मार्मिक आहे; मात्र ही वृत्ते फारच त्रोटक आहेत आणि त्यांची फलश्रुती फारच सुबक. पत्नीच्या निधनाने खचलेल्या वृद्ध डॉक्टरचे समाधान एका प्रश्नोत्तरात होते, तेव्हा वाचक थक्क होतो. पण त्याची त्यानंतरची रात्र कशी गेली, हे त्याला कळत नाही. दुःखाला लागणारा वेळ या पानांत दिसत नाही.

याहून गंभीर आक्षेप अमेरिकन समीक्षक लॉरेन्स लँगर यांनी १९८२ मध्ये ‘व्हर्शन्स ऑफ सर्व्हायव्हल’ या ग्रंथात घेतला. छावणीत कोण जगला व कोण मेला हे मनोबलापेक्षा योगायोगावर आणि मारणाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून होते; फ्रँकल यांची मांडणी वाचकाला सोयीचा दिलासा देते, असा त्यांच्या टीकेचा रोख आहे. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. फ्रँकल ऑशविट्झमध्ये काही दिवसच होते, हेही पुस्तक वाचताना सहजी ध्यानात येत नाही. तरीही त्यांच्या बाजूने इतके म्हटले पाहिजे, की ग्रंथातच याचे उत्तर अंशतः आहे. सर्वांत चांगली माणसे परतली नाहीत, हे ते स्वतःच मान्य करतात. शेवटच्या दिवसांत मालमोटारीत जागा मिळाली नाही म्हणून ते हताश झाले. पुढे कळले की त्या मोटारींतून गेलेल्यांना झोपड्यांत कोंडून जाळण्यात आले. तेथे कोणाच्या वृत्तीचा प्रश्नच नव्हता. जबाबदारीने वागल्यास फळ मिळेलच, अशी हमी हा ग्रंथ देत नाही. ती हमी त्याच्या नावावर इतरांनी खपवली आहे.

टाळता येण्यासारखे दुःख मुकाट्याने सोसण्यात काही शौर्य नाही, हेही फ्रँकल बजावतात. कारण दूर करता येत असेल तर ते दूर करणे हेच पहिले कर्तव्य. ते स्वतः १९४६ पासून १९७० पर्यंत व्हिएन्नाच्या पॉलिक्लिनिकमधील मज्जाविकार विभागाचे प्रमुख होते. मनाचे आजार केवळ निश्चयाने बरे होतात असे समजणारे ते नव्हते. तेव्हा ज्या घरात कोणी रात्र रात्र जागतो, जेवत नाही, जगणे नकोसे झाल्याचे बोलतो, तेथे डॉक्टरकडे जाणे हीच जबाबदारी होय. आपल्या देशात ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे, हेही घराघरांत ठाऊक असावे.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. विवेकाची तपासणी करण्याची सवय आपल्यात लहानपणापासून रुजवली जाते. ही सवय मोलाची. पण भित्र्या मनाच्या हाती ती चाबूक बनते. संत इग्नेशियस लोयोला यांना १५२२ मध्ये मान्रेसा येथे हाच अनुभव आला. सांगून झालेली पापे ते पुन्हा पुन्हा सांगत आणि तरीही मनाला स्वस्थता नसे. आयुष्य संपवण्याचे विचारही त्यांना छळत. अखेर गतकाळातील पापे यापुढे सांगायची नाहीत असा निश्चय त्यांनी केला, तेव्हा ते मोकळे झाले. जाब विचारण्यालाही कोठेतरी विराम हवा, हे ओळखणे हाही जबाबदारीचाच भाग आहे.

फ्रँकल यांना युद्धकाळात अमेरिकेचा व्हिसा मिळाला होता. वृद्ध आईवडिलांना सोडून जावे की नाही, या पेचात असताना, पाडलेल्या सिनेगॉगच्या ढिगाऱ्यातून वडिलांनी घरी आणलेला संगमरवराचा तुकडा त्यांच्या दृष्टीस पडला. मातापित्यांचा मान राखण्याच्या आज्ञेतील एक अक्षर त्यावर कोरलेले होते. त्यांनी व्हिसा वाया जाऊ दिला. आईवडील त्यामुळे वाचले नाहीत. वडिलांच्या अखेरच्या आजारात मात्र मुलगा जवळ होता. हिशेबाच्या दृष्टीने हा व्यवहार तोट्याचाच ठरेल, आणि तसे म्हणणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही. परदेशी गेलेल्या मुलांनाही या कथेचा धाक घालू नये. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा, म्हणून उत्तरही वेगळे.

हा ग्रंथ अवश्य वाचावा. पहिला भाग सावकाश, दुसरा थोड्या सावधपणे. वाचून झाल्यावर घरातल्या चिंताग्रस्त माणसाच्या हाती तो उपदेश म्हणून ठेवण्याची घाई मात्र करू नये. त्या माणसाच्या शेजारी आज कोण बसणार, हा प्रश्न आधी आपल्यालाच विचारला गेला आहे.