संविधानक आणि लेखकाचे स्वातंत्र्य : वत्सगुल्माच्या निमित्ताने एक विचार

कादंबरीची आखणी हा विषय आपल्या समीक्षेत बहुधा ‘कथानक’ या एका शब्दात आटोपला जातो. कथानक रेखीव आहे की सैल आहे, एवढे सांगितले म्हणजे रचनेची चर्चा संपली असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु अमुक प्रसंग अमुक ठिकाणी कोणाच्या आज्ञेने आला, हा प्रश्न त्याहून मूलगामी होय. तो विचारल्याशिवाय ‘स्वतंत्र लेखक’ या पदाचा अर्थ निश्चित होत नाही. ज्याला आश्रयदाता नाही व प्रकाशकाचे बंधन नाही तो स्वतंत्र, ही व्याख्या व्यवहारापुरती ठीक आहे. वाङ्मयविचाराला ती पुरत नाही.

या प्रश्नाचे एक फार जुने उत्तर वाशीमशी निगडित आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा ज्या नगराच्या नावाने ओळखला जातो, ते नगर म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात झाल्याचे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कल्पिले आहे. या शाखेचा संस्थापक सर्वसेन याने ‘हरिविजय’ हे प्राकृत महाकाव्य रचले. ते आज उपलब्ध नाही. अलंकारशास्त्रकारांच्या अवतरणांवरून व उल्लेखांवरूनच त्याची कल्पना करावी लागते. सत्यभामेसाठी श्रीकृष्णाने स्वर्गातून पारिजात आणला, ही त्याची कथावस्तू होती.

नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात या काव्याचा जो निर्देश केला आहे, तो आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. परंपरेने आलेल्या कथेतील रसाला प्रतिकूल भाग टाकून द्यावा आणि अनुकूल प्रसंग स्वतः कल्पून घालावा, या नियमाची उदाहरणे देताना तो कालिदासाच्या प्रबंधांबरोबर ‘हरिविजया’चे नाव घेतो. नुसते घडलेले सांगणे हे कवीचे प्रयोजन नव्हे, ते काम इतिहासच करतो, हे त्याचे प्रतिपादन आहे. त्याच ठिकाणी तो आणखी काही अटी घालतो : मूळ कथेची निवड औचित्याने करावी, संधींची जुळणी केवळ शास्त्राज्ञा पाळण्यासाठी करू नये, रस प्रसंगानुसार उद्दीपित व शांत करावा आणि प्रधान रसाचे अनुसंधान सुटू देऊ नये, सामर्थ्य असले तरी अलंकार मापाने योजावेत. आखणीचा इतका नेमका विचार आपल्या कादंबरीसमीक्षेत क्वचितच आढळतो.

महाकाव्याचे नियम कादंबरीला कसे लागू करावेत, हा आक्षेप येथे संभवतो. कादंबरीची सामग्री पुराणकथा नसून समाजवास्तव आहे, हे खरे. परंतु पुराणकथेची गुलामी जशी शक्य होती तशी वास्तवाचीही शक्य आहे. ‘असे प्रत्यक्ष घडले’ हे समर्थन इतिहासाला पुरते, कादंबरीला नव्हे. येथे ‘रस’ या शब्दाऐवजी कृतीची प्रधान जाणीव असे म्हटले की नियम जसाच्या तसा उभा राहतो.

आधुनिक काळात बंधनाचे स्वरूप पालटले. हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातून क्रमशः प्रसिद्ध केली. नियतकालिक स्वतःचे, म्हणजे बाह्यतः लेखक पूर्ण स्वतंत्र. तरीही दर आठवड्याचा मजकूर हा एक धनीच होता. हप्त्यांनी येणारी सैलता त्यांनी ज्या युक्तीने सावरली ती अभ्यसनीय आहे. कथन यमूच्या तोंडी दिल्यामुळे आठवणींचे रेंगाळणे हा दोष न राहता स्वभावधर्म झाला, आणि बालपणातील बारीकसारीक तपशील पुढील वैधव्याच्या कथेला भार न होता आधार झाले.

उद्धव शेळके यांचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. ‘धग’ (१९६०) या कादंबरीत वऱ्हाडातील शिंपी कुटुंबातील कौतिकचे कष्ट, महादेवाचा नाकर्तेपणा व पुढे त्याला जडलेला महारोग असे आघातांमागून आघात येतात. ते योगायोगाने रचलेले वाटत नाहीत, कारण प्रत्येक आघात कौतिकच्या हिमतीची नवी कसोटी पाहतो. प्रधान जाणिवेचे अनुसंधान कोठेही सुटत नाही. पुढे लेखणीवर निर्वाह करताना शेळके यांनी मोठ्या संख्येने लोकप्रिय कादंबऱ्या लिहिल्या, पण त्यांची कीर्ती मुख्यत्वे ‘धग’वरच उभी राहिली. लेखनावर जगणारा लेखक अधिक स्वतंत्र, हा समज यावरून तपासून घ्यावा लागतो. बाजारही संविधानक लिहवून घेतो.

वाशीम जिल्ह्यातीलच नामदेव कांबळे यांनी उपजीविकेसाठी शिक्षकी पेशा पत्करला आणि कादंबरी लिहिली. दलित स्त्रीच्या जगण्याची कथा सांगणाऱ्या ‘राघववेळ’ला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. राजधानीच्या नगरातून राजकवीचे काव्य निघाले, त्याच परिसरातून शिक्षकाची कादंबरी निघाली. वाङ्मयाच्या आश्रयाचा इतिहास या दोन टोकांत सामावला आहे.

आज स्वतःच्या खर्चाने थोड्या प्रती छापून घेणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. राजा नाही, संपादक नाही, हप्त्याची घाई नाही. परंतु मुद्रणाचे स्वातंत्र्य म्हणजे रचनेचे स्वातंत्र्य नव्हे. संपादकाचे ‘नाही’ गेले की ते लेखकाने स्वतःला म्हणावयाचे असते, आणि हेच सर्वांत कठीण काम होय. लिहावयास बसण्यापूर्वी प्रकरणांची यादी करणे उपयुक्त आहे. मात्र त्या यादीतील प्रत्येक प्रसंगापुढे तो कोणासाठी आला आहे हे लिहिता आले पाहिजे : संकेतासाठी, वाचकाच्या अपेक्षेसाठी, स्वतःच्या आठवणीच्या मोहासाठी, की कृतीसाठी. पहिल्या तीन उत्तरांचे प्रसंग ज्याला गाळता येतात, तोच लेखक स्वतंत्र. सर्वसेन स्वतः राजा होता. तरी त्याच्या काव्याला आनंदवर्धनाने उदाहरणाचा मान दिला तो राज्यामुळे नव्हे, कथा बदलण्याच्या विवेकामुळे.