बेकेटचे धैर्य आणि दोन नाटके

कँटरबरीचे आर्चबिशप संत टॉमस बेकेट यांच्यावर विसाव्या शतकात दोन थोर नाटके लिहिली गेली. टी. एस. एलियटचे 'मर्डर इन द कॅथेड्रल' १९३५ साली खुद्द कँटरबरीत, कॅथेड्रलला लागून असलेल्या धर्मगुरुमंडळाच्या सभागृहात प्रथम सादर झाले. जिथे आर्चबिशपांचे रक्त सांडले ती जागा तिथून हाकेच्या अंतरावर आहे. ज्याँ अनुईचे 'बेकेट' १९५९ साली पॅरिसच्या रंगभूमीवर आले. मराठी रसिकाला हे दुसरे नाटक अधिक जवळचे, कारण वि. वा. शिरवाडकरांनी ते त्याच नावाने मराठीत आणले. धैर्यशील नेतृत्वाचा विषय निघाला की आपल्या प्रवचनांतून आणि लेखांतून संत टॉमस यांचे उदाहरण हमखास येते. नाताळच्या अष्टाहात, २९ डिसेंबरला, त्यांचा स्मृतिदिनही असतो. असे असूनही ही दोन नाटके शेजारी ठेवून वाचली की एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. ज्या वादापायी या माणसाने प्राण वेचले, तो वाद दोन्ही नाटककारांनी जवळजवळ दाराबाहेरच ठेवला आहे. (नाटकातल्या बेकेटला मी एकवचनी संबोधणार आहे, इतिहासातल्या आर्चबिशपांना तसे संबोधणे जिभेला जड जाते.)

इतिहास थोडक्यात असा. लंडनमधील एका नॉर्मन व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेले टॉमस ११५५ साली राजा दुसरा हेन्री याचे चान्सलर झाले. आपला माणूस धर्मपीठावर असावा म्हणून राजाने ११६२ साली त्यांना आर्चबिशप केले. २ जूनला गुरुदीक्षा आणि ३ जूनला बिशपपदाचा अभिषेक, इतकी त्याला घाई होती. पण पदावर येताच टॉमस यांनी चान्सलरपद सोडले आणि राजाचा हिशेब चुकला. जानेवारी ११६४ मध्ये क्लॅरेंडन येथे राजाने सोळा कलमे पुढे ठेवली. त्याच वर्षी ऑक्टोबरात आर्चबिशप फ्रान्सला निघून गेले. सहा वर्षांच्या विजनवासानंतर डिसेंबर ११७० च्या आरंभी ते परतले आणि महिनाअखेरीस, २९ तारखेला, चार सरदारांनी त्यांच्याच कॅथेड्रलमध्ये त्यांना ठार केले. पुरती अडीच वर्षेही लोटली नाहीत तोच त्यांना संतपद मिळाले.

अनुईने यातून मैत्रीचे नाटक घडवले. त्याचा बेकेट सॅक्सन आहे, जित जमातीतला आहे, आणि जेत्यांच्या राजाचा जिवलग आहे. प्रत्यक्षात बेकेट नॉर्मन होते, हे अनुईला नंतर कळले, तरी त्याने नाटक बदलले नाही. त्याचे बरोबरच होते, कारण ती चूक काढली तर नाटकाचा कणाच मोडतो. या बेकेटला स्वतःची अशी इभ्रत नाही. तो ती शोधत हिंडतो आहे. आर्चबिशपपद गळ्यात पडते तेव्हा त्याला ती सापडते, आणि ती असते देवाची इभ्रत. नाटकाचे मूळ उपशीर्षकही तेच आहे. रचना देखणी आहे आणि राजाचे एकाकीपण तर इतके खरे उतरले आहे, की वाचकाचा जीव अनेकदा बेकेटपेक्षा हेन्रीतच अधिक गुंततो. मित्राचा शत्रू झालेला पाहणे, आणि त्या शत्रूवरचे प्रेम मात्र न सुटणे, हे नाट्य कोणत्याही भाषेच्या रंगभूमीला हवेसे वाटेल. शिरवाडकरांसारख्या नाटककाराला त्याची ओढ वाटली यात आश्चर्य नाही. पण अनुईच्या बेकेटची श्रद्धा मला कधीच पटलेली नाही. सोपवलेली भूमिका नेकीने वठवावी, तसा तो देवाचा पक्ष घेतो. उद्या त्याला एखाद्या किल्ल्याची राखण सोपवली असती, तर तीही त्याने याच निष्ठेने केली असती. हे धैर्य आहे खरे, पण ते कर्तव्यदक्ष सैनिकाचे.

एलियटचा मार्ग नेमका उलटा. त्याला मैत्रीत रस नाही आणि राजा तर त्याच्या रंगमंचावर पाऊलही टाकत नाही. त्याचे सारे लक्ष बेकेटच्या अंतःकरणाकडे आहे. चार मोहकर्ते एकामागून एक येतात. पहिला तारुण्यातील सुखांची आठवण देतो, दुसरा चान्सलरपदाची सत्ता पुढे करतो, तिसरा सरदारांशी हातमिळवणी सुचवतो. या तिघांना बेकेट सहज परतवतो. चौथा मात्र त्याच्याच मनातले बोलतो: मर, रक्तसाक्षी हो, राजे तुझ्या कबरीपुढे गुडघे टेकतील. धैर्याच्या मुळाशीच अहंकार असू शकतो आणि सत्कृत्य दुष्ट हेतूनेही घडू शकते, हे एलियटने जितक्या निर्दयपणे दाखवले तितके क्वचितच कोणी दाखवले असेल. नेतृत्व करणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः व्यासपीठ आणि वेदी ज्यांच्या वाट्याला येते त्यांनी, हा प्रसंग वर्षातून एकदा तरी वाचावा. त्यानंतर मात्र नाटक संघर्षाला मुकते. बेकेटचा निर्णय झालेला असतो; उरते ते त्याचे नाताळचे प्रवचन आणि तलवारी. शिवाय एलियटने एक सोयीची गाळणी लावली आहे. क्लॅरेंडनला आर्चबिशपांनी प्रथम तोंडी मान्यता दिली होती, आणि नंतर पश्चात्तापाने स्वतःवर प्रायश्चित्त लादून मिस्सा अर्पण करणेही थांबवले होते. त्या डळमळीत झालेल्या माणसाला या नाटकात जागा मिळाली असती, तर पुढचे धैर्य अधिक मोलाचे ठरले असते.

आता त्या वादाकडे वळू. सोळा कलमांत अनेक गोष्टी होत्या, पण भडका उडाला तो तिसऱ्या कलमावर. धर्मगुरुवर्गातील कोणी खून, दरोडा वा बलात्कार केला, तर त्याचा न्याय कोणी करायचा? राजाचे म्हणणे असे, की खटला ख्रिस्तसभेच्या न्यायालयात चालवा, पण दोषी ठरल्यावर त्याची गुरुवस्त्रे उतरवून त्याला शिक्षेसाठी राजाच्या न्यायालयाकडे द्या. आर्चबिशपांचे उत्तर असे, की देव एका अपराधाचा न्याय दोनदा करीत नाही. गुरुपद जाणे हीच शिक्षा झाली. ११६३ साली बेडफर्डच्या फिलिप द ब्रुआ नावाच्या एका कॅननवर सरदाराच्या हत्येचा आरोप होता. बिशपांच्या न्यायालयाने त्याला सोडले होते, आणि राजाच्या संतापाला ते एक कारण घडले. त्याच शतकातला इतिहासकार विल्यम ऑफ न्यूबर्ग लिहितो, की हेन्रीच्या कारकिर्दीत धर्मगुरुवर्गाने शंभराहून अधिक खून केल्याचे न्यायाधीशांनी राजाला सांगितले. हा विल्यम स्वतः मठवासी होता. आपल्या बिशपांना धर्मगुरूंचे दोष सुधारण्यापेक्षा त्यांचे हक्क राखण्याची चिंता अधिक, असा ठपकाही त्याने ठेवला आहे.

आर्चबिशपांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते बोललेच पाहिजे. त्या काळी धर्मगुरुवर्ग म्हणजे केवळ अभिषिक्त धर्मगुरू नव्हेत. कनिष्ठ दीक्षा घेतलेले लेखनिक, विद्यार्थी असे कितीतरी लोक त्यात मोडत. राजाची शिक्षा म्हणजे फाशी किंवा हातपाय तोडणे. आज हा अधिकार दिला तर उद्या बिशपांच्या नेमणुका आणि परवा श्रद्धेचे विषयही राजाच्या दरबारात ठरतील, ही भीती काल्पनिक नव्हती. साडेतीनशे वर्षांनंतर आठव्या हेन्रीने ती खरी करून दाखवली आणि १५३८ साली संतांची समाधीही उद्ध्वस्त केली. एका अपराधासाठी दोनदा खटला व शिक्षा नको, हे तत्त्व तर आज आपल्या राज्यघटनेच्या विसाव्या कलमातही आहे. पण त्या तत्त्वाच्या आड खुनी माणूस केवळ गुरुवस्त्रे गमावून मोकळा होत असेल, तर मेलेल्याच्या विधवेने काय म्हणावे?

आर्चबिशपांच्या मृत्यूनंतर राजाला या मुद्द्यावर बरीच माघार घ्यावी लागली. पुढे ही सवलत इंग्लंडात अशी काही रुजली, की ज्याला वाचता येते तो धर्मगुरू, असे न्यायालये मानू लागली. आरोपीपुढे बहुधा एक्कावन्नाव्या स्तोत्राचा आरंभ ठेवीत आणि वाचणारा फासावरून सुटे. नाटककार बेन जॉन्सनने १५९८ साली द्वंद्वयुद्धात एका नटाला मारले आणि याच सवलतीने स्वतःचा गळा वाचवला. अंगठ्यावर डाग तेवढा बसला. ही सवलत कायद्यातून गेली ती थेट १८२७ साली.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून देशोदेशी जी प्रकरणे उजेडात आली, धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार आणि वरिष्ठांनी त्यांवर घातलेली पांघरुणे, त्यानंतर ही दोन नाटके पूर्वीसारखी वाचता येत नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ च्या मे महिन्यात अशा तक्रारी वरिष्ठांकडे कळवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले आणि त्याच वर्षी डिसेंबरात या खटल्यांवरचे गुप्ततेचे आवरण काढून घेतले. क्लॅरेंडनचा वाद आठ शतकांनी पुन्हा दारात आला आणि या वेळी परमधर्मपीठाने दिलेले उत्तर बेकेट यांच्या उत्तरापेक्षा वेगळे होते. अनुईच्या नाटकावरून १९६४ साली निघालेल्या चित्रपटात एक प्रसंग आहे. एका मुलीला भ्रष्ट केल्याचा आरोप असलेल्या धर्मगुरूला सरदाराची माणसे पकडतात आणि तो पळू पाहताना त्याला ठार करतात. बेकेट खवळतो, न्याय मागतो. तो न्याय धर्मगुरूसाठी असतो. त्या मुलीविषयी पुढे कोणी एक शब्दही विचारत नाही. बेकेट नाही, राजा नाही आणि, नाटकावर प्रेम असूनही म्हणावे लागते, लेखकही नाही.

या प्रश्नामुळे संत टॉमस यांचे रक्तसाक्ष्य उणे होते असे मला वाटत नाही. तलवारी समोर आल्या तेव्हा कॅथेड्रलचे दरवाजे बंद करण्यास त्यांनी मनाई केली. देवाचे मंदिर किल्ला नव्हे, ही त्यांची भूमिका होती. हे धैर्य निखळ होते. परंतु नेत्याच्या धैर्याची किंमत बहुधा इतरांनीही मोजलेली असते आणि चरित्रकार ती नोंद तळटीपेत ढकलतात. आर्चबिशप फ्रान्सला गेल्यावर राजाने त्यांच्या सुमारे ४०० नातलगांना व आश्रितांना, बायकापोरांसकट, भर हिवाळ्यात देशाबाहेर काढले. त्यांतल्या एकाचेही नाव आपल्या प्रवचनांत येत नाही.

एलियटला निदान याची जाणीव होती. कँटरबरीच्या गरीब स्त्रियांचे वृंद त्याने नाटकात आणले. त्या आर्चबिशपांचे स्वागत करीत नाहीत. परत फ्रान्सला जा, आम्हाला आमच्या लहान लहान भयांसह जगू द्या, असे विनवतात. पुढे त्याच साक्षी होतात, हत्येचा दोष स्वतःवरही घेतात आणि क्षमा मागतात. अनुईचे नाटक सुरू होते आणि संपते ते राजापाशी, समाधीपुढे फटके खाणाऱ्या हेन्रीपाशी. एलियटच्या नाटकात शेवटचे बोलणे सत्ताधाऱ्याकडे नाही आणि संताकडेही नाही. ते या स्त्रियांकडे आहे.