जुन्या कर्ण्याचा आवाज आणि डायफ्रॅमची ओळख : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
वणीची रंगनाथस्वामींची जत्रा असो वा कळंबच्या चिंतामणीचा उत्सव, यवतमाळ जिल्ह्यातील सार्वजनिक जीवनाचा आवाज अनेक दशके कर्ण्यातून दूरवर पोहोचला. कीर्तन, सभा, लग्नमंडप यांनाही तोच आधार होता. 'जुन्या युनिटचा आवाजच वेगळा' असे आज कौतुकाने म्हटले जाते. प्रस्तुत लेखात या विधानाची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
कर्ण्यामागील युनिटमध्ये चुंबक, व्हॉईस कॉइल, पातळ घुमटाकार डायफ्रॅम व त्यासमोरील फेज प्लग असतो. डायफ्रॅम व प्लग यांतील अरुंद पोकळीत हवा दाबली जाऊन आवाज कर्ण्यात शिरतो. बेल प्रयोगशाळेतील वेंटे व थुरास यांनी १९२० च्या दशकात ही रचना बोलपटांसाठी विकसित केली. तिच्यात चुंबक दीर्घकाळ टिकतो. डायफ्रॅम मात्र फाटतो, कॉइल जळते आणि दोन्ही बदलली जातात. म्हणून युनिटवरील पाटी कवचाची ओळख देते, आवाजाची नव्हे. जुन्या कवचात नवा डायफ्रॅम असेल तर कौतुक नेमके कशाचे, हा प्रश्न उरतोच.

बसतो तो योग्य, हा दुसरा गैरसमज होय. जेबीएलच्या २४४० व २४४१ या युनिटांत चार इंची ॲल्युमिनियमचे डायफ्रॅम असून ते परस्परांत बसतात. तथापि पहिल्याची कड अर्धगोल वळीची, तर दुसऱ्याची हिऱ्याच्या नक्षीची आहे. एवढ्या फरकानेही वरच्या पट्टीतील आवाज पालटतो. सभेच्या युनिटांत फिनॉलिकचे तपकिरी डायफ्रॅमही आढळतात. ते दणकट असतात. परंतु जड डायफ्रॅममुळे वरच्या कंपनसंख्या क्षीण होतात आणि 'स', 'श', 'च' यांसारखी व्यंजने पुसट होतात. कीर्तनकाराचा शब्द श्रोत्यापर्यंत पोहोचणे येथेच अवलंबून असते.

तिसरा दोष केवळ ओहम पाहण्याचा. १६ ओहमच्या कॉइलवर मल्टिमीटर साधारणतः त्याहून कमी आकडा दाखवितो. कारण मीटर एकदिश प्रवाहाचा रोध मोजतो, तर पाटीवरील आकडा प्रत्यावर्ती प्रवाहातील अवरोधाचा असतो. त्यामुळे चांगली कॉइल सदोष ठरविली जाते. याउलट समान रोधाच्या दोन कॉइलींचा व्यासही भिन्न असू शकतो. चुंबकाची कसोटीही अपुरी आहे. ॲल्युमिनियम, टायटॅनियम व फिनॉलिक यांपैकी काहीच त्याला चिकटत नाही. रंग, वजन व कडेची नक्षी यांचा एकत्रित विचारच उपयोगी पडतो.

ओळख पटविताना कॉइलचा व्यास व्हर्निअर कॅलिपरने मोजावा. घुमटाची उंची, स्क्रूच्या छिद्रांतील अंतर, कडेचा प्रकार व रोध यांची नोंद करावी. घुमटावर कॅलिपर दाबू नये. पातळ पत्र्याला पडलेली खळी निघत नाही.

निष्कर्ष :
जुन्या आवाजाविषयीचा अभिप्राय डायफ्रॅम ओळखल्याखेरीज समीक्षा ठरत नाही. ती केवळ स्मरणरंजकता होय. दुरुस्तीनंतर फाटलेला डायफ्रॅम भंगारात जातो, तेव्हा मूळ आवाजाचा मुख्य पुरावाच नाहीसा होतो. तो तुकडा मोजमापांच्या चिठ्ठीसह जपून ठेवणे, हीच या ध्वनिवारशाच्या अभ्यासाची पहिली पायरी आहे.