सेंड आणि रिटर्न यांच्यामध्ये

व्हॅन हॅलेन या बँडचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७८ मध्ये आला. हेडफोन लावून त्यातलं ‘रनिंग विथ द डेव्हिल’ ऐकलं की गिटार डाव्या कानात येते, जवळ आणि जवळजवळ कोरडी. उजव्या कानात येते ती तिची आस, म्हणजे रिव्हर्ब. लक्ष थोडा वेळ फक्त उजव्या बाजूला ठेवावं. गिटार फाटलेली आहे, खरखरीत आहे, पण तिच्यामागे रेंगाळणारा नाद फाटलेला नाही. तो गुळगुळीत विरतो आणि पुढच्या कॉर्डला जागा करून देतो. डिस्टॉर्शन आधी झालं आणि आस नंतर जोडली गेली, म्हणून हे शक्य झालं. गिटारवादक एडी व्हॅन हॅलेनचा मार्शल सुपर लीड ॲम्प आपलं काम पुरं करून माइकपर्यंत पोचला, आणि रिव्हर्ब त्यापुढच्या टप्प्यावर, सनसेट साउंड स्टुडिओत, ध्वनिमुद्रक डॉन लँडी यांच्या हाती मिसळला गेला.

मला हा क्रमच चांगल्या टोनचा गाभा वाटतो. कुठला पेडल घेतला, किती महागाचा घेतला, यापेक्षा तो कुठे बसवला हे आधी ऐकू येतं.

त्याच अल्बमवरचा ‘इरप्शन’ उलट टोकाचा नमुना आहे. सुपर लीडला मागच्या बाजूला इफेक्ट जोडण्याची सेंड आणि रिटर्न ही सॉकेट नाहीत. जे काही जोडायचं ते गिटार आणि ॲम्प यांच्यामध्येच. तुकड्याच्या अखेरीस युनिव्हॉक्सच्या एको यंत्राची जी गुरगुर ऐकू येते, तिच्यातला प्रत्येक प्रतिध्वनी पेटलेल्या ॲम्पमधून पुन्हा जातो. त्यामुळे तो क्रमाने पातळ होत नाही. एकावर एक कोसळत राहतो, दरड सुटावी तसा. तिथे ते अप्रतिम आहे, कारण तिथे सुरावट उरलेलीच नसते, उरलेला असतो फक्त धमाका. हाच मार्ग एखाद्या संथ सुरावटीसाठी वापरला तर चार स्वरांत चिखल होतो.

तो का होतो, हे हिंदुस्तानी संगीतात मुरलेल्या कानाला पटकन उमगेल. डिस्टॉर्शन दोन गोष्टी करतं. एक, मोठा आणि लहान आवाज दाबून जवळजवळ सारख्या उंचीला आणतं. म्हणून विरत चाललेला एकोही पुन्हा डोकं वर काढतो. दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. दोन स्वर एकदम आत गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर बाहेर पडतात. ११० हर्ट्झचा सा आणि १६५ हर्ट्झचा पंचम एकत्र गेले की वजाबाकी ५५, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला सा. रॉकमधली पॉवर कॉर्ड भरदार लागते ती यामुळे. आता ४४० चा सा वाजवा, त्याचा एको चालू असतानाच गंधारावर जा. गिटारच्या पडद्यांवरचा गंधार समविभागी सप्तकाचा, ५५४ हर्ट्झचा. वजाबाकी ११४. हा स्वर ११० च्या साशेजारी, पण त्याच्याशी न जुळणारा. शुद्ध, तानपुऱ्याला मिळणारा गंधार ५५० चा असतो, आणि त्याची वजाबाकी चोख ११० येते. हार्मोनियमच्या गंधाराविषयी गवयांनी वर्षानुवर्षं जी तक्रार केली, तीच इथे डिस्टॉर्शन मोठ्याने वाजवून दाखवतं. एको आधी आणि डिस्टॉर्शन नंतर असेल, तर मागचा प्रत्येक स्वर पुढच्याशी असा भांडत राहतो.

इफेक्ट्स लूप हा यावरचा उपाय. ॲम्पमध्ये दोन विभाग असतात. प्रीॲम्प आवाजाला रंग आणि डिस्टॉर्शन देतो, पॉवर ॲम्प त्याला स्पीकर हलवण्याचं बळ देतो. लूप म्हणजे त्या दोघांमधली वाट उघडी करून दिलेली दोन सॉकेट. सेंडमधून तयार रंगाचा आवाज बाहेर येतो, एको आणि रिव्हर्ब घेऊन रिटर्नमधून परत जातो. एकेकाळी डिस्टॉर्शनसाठी सगळा ॲम्पच ओरडवावा लागे. प्रीॲम्पमध्येच ते रांधणारे ॲम्प आले, तेव्हा या खिडकीला अर्थ आला. कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी घडवलेल्या मेसा बूगीच्या मार्क टू मालिकेतला सी प्लस हा नमुना यासाठी आठवावा. त्याचा लूप आधीच्यापेक्षा सुधारलेला होता, आणि मेटॅलिकाच्या १९८६ च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’मधल्या गिटारमागे हाच ॲम्प होता.

एक अट मात्र आहे. ॲम्प इतका मोठा चढवला की पॉवर ॲम्पच फाटायला लागला, तर लूपमधला एकोही त्याच्यासोबत फाटतो. सुपर लीडला लूप लावूनही फारसा फायदा झाला नसता, कारण त्याच्या आवाजाची निम्मी जादू शेवटच्या व्हॉल्व्हमध्येच होती. एडीने पुढे दुसरी वाट धरली. मार्शलचा सगळा जोर एका लोडवर उतरवायचा, तिथून थोडा संदेश काढून इफेक्ट्समध्ये न्यायचा, आणि मग दुसऱ्या ॲम्पने तो मोठा करायचा. लूप नसलेल्या ॲम्पला त्याने अशी स्वतःची खिडकी पाडली.

लूपचा टोन पारखायचा असेल तर एक कॉर्ड जोरात मारून तळहाताने लगेच दाबावी, आणि नंतरची शांतता ऐकावी. चांगल्या लूपमध्ये पहिला प्रतिध्वनी मूळ कॉर्डच्या खरखरीसकट येतो, पण जरा मागे उभा राहून. दुसरा त्याहून मवाळ, तिसरा जेमतेम. खरखर तिन्हींत तीच राहते, उंची मात्र उतरत जाते. वाईट लूपमध्ये प्रतिध्वनींच्या कडा कुरतडलेल्या येतात. बहुतेक वेळा दोष पातळीचा असतो. काही लूप स्टुडिओच्या यंत्रांसाठी +४ डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्टवर चालतात. जमिनीवरचा पेडल साधारण ०.१ व्होल्टच्या पातळीसाठी बनवलेला असतो. बारापट जोर अंगावर आला की पेडल स्वतःच फाटू शकतो, आणि जे टाळण्यासाठी लूप घेतला तेच घडतं. ॲम्पच्या पाठीवर पातळीचा स्विच असेल तर तो आधी तपासावा.

समांतर लूपमध्ये कोरडा आवाज आतूनच पुढे जातो आणि इफेक्ट त्यात मिसळला जातो. कल्पना सुंदर, पण डिजिटल पेडल कोरड्या आवाजाचा अंशही परत पाठवत असेल, तर तो एखाद-दुसऱ्या मिलिसेकंदाने उशिरा पोचतो. उशीर एक मिलिसेकंदाचा असेल तर ५०० हर्ट्झजवळ, मग १५०० आणि २५०० जवळ आवाज एकमेकांना खोडतो, आणि गिटार एकदम पोकळ, पत्र्यासारखी लागते. पेडल पूर्ण वेटवर, म्हणजे फक्त इफेक्टवर ठेवावा, मिश्रण ॲम्पच्या नॉबने करावं. मला स्वतःला सगळा आवाज इफेक्टमधूनच नेणारा साधा, मालिकेतला लूप जास्त विश्वासाचा वाटतो. केबल मात्र जितकी कमी तितकी बरी. सेंडला चांगला बफर नसेल तर काही मीटर केबलच वरची चकाकी गिळून टाकते.

सगळंच लूपमध्ये घालू नये, हेही तितकंच खरं. वा-वा आणि फझ या पेडलांची जागा ॲम्पच्या आधी. फेझरही मला आधीच आवडतो. त्याच पहिल्या अल्बमवरच्या ‘ॲटॉमिक पंक’च्या सुरुवातीला तारांवर घासलेला हात आणि फेज ९० हा फेझर मिळून जी सळसळ होते, ती लूपमध्ये घातली असती तर दिमाखदार झाली असती, पण पोटातून आली नसती. गिटारवादक द एजचं उदाहरण आणखी वेगळं. १९८७ च्या ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’मध्ये एको वॉक्स एसी३० च्या आधीच आहे. पण ॲम्प नुसता काठावर आहे, जेमतेम खरखरणारा, म्हणून स्वर आणि प्रतिध्वनी यांची वीण सुटी राहते आणि तरी ॲम्पने दोघांना एकाच कापडात शिवलेलं असतं.

आणि गिटारवादक डेव्हिड गिल्मर. ‘कम्फर्टेबली नम्ब’चा दुसरा सोलो ऐकताना लूपची आठवण होते, लूप नसतानाही. मफ हा फझ पेडल आधी, एको नंतर, आणि पुढे हायवॉटसारखा ॲम्प, जो मोठ्या आवाजातही स्वच्छ राहतो. तो स्वच्छ ॲम्पच इथे पॉवर ॲम्प झाला आहे आणि पायाखालची पेडल-पाटी प्रीॲम्प. मींड घेऊन स्वर वर नेल्यावर गिल्मर क्षणभर थांबतो. त्या थांबण्यात मागचा स्वर अजून टिकून असतो, पुढचा त्याच्या खांद्यावर पाय ठेवून येतो, आणि दोघांच्या मध्ये एकही उपटसुंभ स्वर उगवत नाही. इतकं मोकळं थांबता येतं ते मागच्या आसेवर भरवसा असल्यामुळे.

एरवी दुर्लक्षित राहणारा लूपचा एक उपयोग म्हणजे सोलोसाठीचा बूस्ट. तो ॲम्पच्या आधी लावला तर खरखर वाढते, आवाज फारसा चढत नाही, आणि ड्रमच्या मागे गिटार हरवते. तोच बूस्ट लूपमध्ये ठेवा. पॉवर ॲम्पमध्ये जागा शिल्लक असेल तर रंग जसाच्या तसा राहतो, आणि गिटार एक पाऊल पुढे येते.