तीन मिनिटांचा प्रबंध

पीएच्. डी.च्या विद्यार्थ्यानें आपला प्रबंध तीन मिनिटांत, एकाच स्थिर चित्राच्या आधारें, त्या विषयांत अनभिज्ञ अशा श्रोत्यांपुढें मांडावा, अशी स्पर्धा ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड विद्यापीठानें २००८ सालीं सुरू केली. पुढें ती अनेक देशांत पसरली. तिच्या समर्थनार्थ सूत्रवाङ्मयाचा दाखला देण्याचा मोह आम्हांसही झाला होता. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणास पुत्रोत्सवाचा आनंद होतो, हें आम्हीं वर्गांत किती वेळां सांगितलें असेल! परंतु हा दाखला लागू पडत नाहीं. पाणिनीचें सूत्र आखूड आहे, तें मागील सूत्रांची अनुवृत्ति जाणणाऱ्यासाठीं. आमच्या पुणतांब्यास ज्यांची समाधि आहे, त्या चांगदेवांच्या कोऱ्या पत्रास ज्ञानेश्वरांनीं ६५ ओव्यांत उत्तर दिलें, असें परंपरा सांगते. तेंही अधिकारी योग्यास.

अनभिज्ञांपुढील संक्षेप निराळा. तेथें शब्द नव्हे, विषय कमी करावयाचा: एकच कागद, त्यावरील शुहूर सन, त्यावरून इसवी साल कसें काढलें, आणि शंका कोठें उरली. वेळ वाचविण्यासाठीं प्रथम गाळली जाते ती ही शंकाच, हा आमचा मुख्य आक्षेप. निर्णय तेवढा उरतो, प्रमाण जातें.

तथापि स्पर्धा टाकाऊ म्हणवत नाहीं. रुमालांत बांधलेलीं जुनीं दप्तरें बहुधा तज्ज्ञांच्या नव्हे, अशाच अनभिज्ञांच्या माळ्यावर पडून असतात. शिक्का व मिति यांचें मोल ज्यास तीन मिनिटांत कळलें, तो गृहस्थ कागद रद्दींत घालण्यापूर्वीं एकदां तरी कोणास विचारील.