वेग मोजला, पण आकडे तेच परत आले का?

पीएचडीला लागलात की कोणीतरी सांगतंच, "पायथनचं जेसन मॉड्यूल सोड, ओआरजेसन घे, खूप फास्ट आहे." सल्ला चुकीचा नाही. ओआरजेसन रस्टमध्ये लिहिलेलं आहे आणि खरोखरच वेगवान आहे. मीही बदललं. पण बदलताना फक्त घड्याळ बघितलं, फाइल उघडून बघितली नाही.

गडबड नॅनची. नमपायमध्ये शून्याला शून्याने भागलं की उत्तर येतं नॅन, म्हणजे 'ही संख्या नाही'. पायथनचं मॉड्यूल हा शब्द जसाच्या तसा फाइलमध्ये लिहितं. आरएफसी 8259 प्रमाणे तो जेसनमध्ये चालतच नाही. आणि तेच मॉड्यूल ती फाइल मुकाट्याने वाचतंही! त्यामुळे पायथनमध्ये आहात तोवर पत्ताच लागत नाही. दुसऱ्या कोणी ती ब्राउझरमध्ये वाचायला घेतली की जावास्क्रिप्ट थेट एरर देतं. डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलंय, मान्य. तरी मी याला बगच म्हणेन. 'अलाऊ_नॅन' फॉल्स केलं तर मॉड्यूल एरर देतं, आणि डीफॉल्ट तेच असायला हवं होतं.

मग ओआरजेसन काय करतं? नॅनच्या जागी नल लिहितं. फाइल नियमात बसते, पण माझ्या डेटात नलचा अर्थ होता 'मोजलंच नाही' आणि नॅनचा 'मोजलं, पण गणित बसलं नाही'. दोन्ही एक झाले, कुठे वॉर्निंगसुद्धा नाही. गहाळ नोंदी किती, हा आकडा माझ्या तक्त्यात चुकला तो इथे. एरर आली असती तर एक दुपार गेली असती, इतकंच.

एका बाबतीत मात्र ओआरजेसनच बरोबर वागतं. डिक्शनरीची की 1 हा अंक असेल तर ते सरळ नकार देतं. पायथनचं मॉड्यूल त्याची स्ट्रिंग करून टाकतं. शेजारी आधीच "1" ही स्ट्रिंग असेल तर फाइलमध्ये एकच की दोनदा येते, आणि वाचताना शेवटची टिकते.

आणि वेगच हवा असेल तर लायब्ररी बदलायच्या आधी हे करून बघा: 'डम्प'ऐवजी 'डम्प्स' वापरा आणि आलेली स्ट्रिंग स्वतः फाइलमध्ये लिहा. सीपायथनमध्ये 'डम्प' सीमधला वेगवान एन्कोडर वापरतच नाही, 'डम्प्स' वापरतं. (मेमरी जास्त लागते, तेवढं सांभाळा.) मराठी मजकूर असेल तर 'एन्शुअर_आस्की' फॉल्स करा. नाहीतर यूटीएफ-8 मध्ये 12 बाइट्सचं 'पुणे' 24 बाइट्सचं होतं.

आता कुठलीही लायब्ररी घेताना मी आधी एक छोटी फाइल लिहून परत वाचते. तिच्यात नॅन, नल, अंकाची की, एक देवनागरी नाव आणि 9007199254740993 ही संख्या असते. ही शेवटची पायथनमध्ये नीट परत येते, जावास्क्रिप्टमध्ये मात्र एकने कमी होते. तुमच्या डेटात लांबलचक आयडी असतील तर आजच तपासा.