नायट्रोजन चक्राच्या तक्त्यात न दिसणारे बाण

विज्ञानाच्या वर्गात टांगलेला नायट्रोजन चक्राचा तक्ता बहुतेक शाळांत सारखाच असतो. वर ढग आणि वीज, मध्ये चरणारी गाय, खाली कडधान्याच्या मुळांवरील गाठी आणि या सर्वांना जोडणारे गोलाकार बाण. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असूनही वनस्पतींना तो थेट घेता येत नाही, ते काम जिवाणू करून देतात, ही मोठी गोष्ट हा तक्ता चांगली समजावतो. मात्र त्यात दोन उणिवा आहेत.

पहिली उणीव म्हणजे त्यात कारखाना क्वचितच दिसतो. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवून दाखवला. कार्ल बॉश यांच्या प्रयत्नांतून १९१३ मध्ये त्याचा कारखाना उभा राहिला. विजेमुळे जेवढा नायट्रोजन स्थिर होतो, त्याच्या कितीतरी पट आज कारखान्यांत होतो. जगातील सुमारे निम्म्या लोकांचे अन्न या खतांवर पिकते. घाटकोपरच्या मुलांना तर असा कारखाना जवळच आहे. चेंबूरजवळ ट्रॉम्बे येथे १९६५ पासून खते तयार होत आली आहेत.

दुसरी उणीव त्या वर्तुळाची. उपनगरात ते पुरे होत नाही. रोज ६० ग्रॅम प्रथिने खाणाऱ्या माणसाच्या शरीरात सुमारे १० ग्रॅम नायट्रोजन जातो आणि प्रौढांत जवळजवळ तेवढाच, मुख्यतः लघवीतील युरियाच्या रूपाने, बाहेर पडतो. तो शेतात परत न जाता गटारांवाटे खाडीत किंवा तलावात पोहोचतो. १८९१ च्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या पवई तलावात सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरसवर जलपर्णी माजते. त्याचे पाणी पिण्यायोग्य राहिलेले नाही. इकडे शेतातील जादा खत झिरपून विहिरीत नायट्रेट वाढले, तर तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटू शकते. म्हणूनच भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट चालत नाही.

तक्ता काढून टाकण्याचे कारण नाही. विद्यार्थ्यांकडून त्यावर दोन बाण काढून घ्यावेत: एक कारखान्याकडून शेताकडे, दुसरा डब्यातल्या डाळीकडून गटाराकडे. मग विचारावे, आपल्या शाळेचे सांडपाणी कुठे जाते? उत्तर शोधायला मुलांना वर्गाबाहेर पडावे लागेल.